दानाच्या पैशातला पगार



मागच्या महिन्यात आमच्या कामाच्या मावशींच्या नवऱ्याला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. मी त्यांना घेऊन एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेले. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला सगळं पिशवीत होतं. काउंटरवरच्या मुलीनं कागद चाळले आणि म्हणाली, "काकू, गरिबांच्या फंडात सध्या शिल्लक नाही. पुढच्या महिन्यात बघू." तिच्या मागच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. त्यात माझ्या सासूबाईंचं नाव आहे.

नंतर मंदिराच्या कमिटीतल्या एकांनी सांगितलं की तिथल्या सीईओंना महिना 10 लाखांच्या घरात पगार आहे. खरं की खोटं, मला तपासता आलं नाही. माझी तक्रार तिथूनच सुरू होते. जिथं आपण दान दिलं, तिथला सगळ्यात मोठा पगार आपल्याला कळूच नये?

मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेप्रमाणे महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची. मी बी.कॉम. झालेली बाई, वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. महिना 10 लाख म्हणजे वर्षाला 1 कोटी 20 लाख. निधीत तेवढी रक्कम जमायला हॉस्पिटलची बिलं 60 कोटींची व्हावी लागतात! एका माणसाचा पगार आणि 60 कोटींच्या बिलांतून गरिबांसाठी निघणारा पैसा, दोन्ही सारखेच.

आमच्या वेळी कॉलेजात 1956 चा कंपनी कायदा होता. पब्लिक कंपनीच्या संचालक-मॅनेजरांचा एकूण मोबदला निव्वळ नफ्याच्या 11 टक्क्यांवर जाऊ नये, हे तेव्हा पाठ केलेलं. 2013 च्या कायद्यातही ते 11 टक्के आहेत. भागधारकांच्या मंजुरीनं ओलांडता येतात, पण विचारावं तरी लागतं. शेअर बाजारातल्या कंपनीला तर प्रत्येक संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे, हे वार्षिक अहवालात छापावं लागतं. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला ही शिस्त. आणि ट्रस्टच्या जमाखर्चाच्या ठरलेल्या नमुन्यात विश्वस्तांच्या मानधनाचा रकाना आहे, पण सीईओचा पगार 'आस्थापना खर्च' या एका ओळीत झाडूवालीच्या पगाराबरोबर मिसळून जातो. (आस्थापना हा शब्द भारी सोयीचा. घरखर्चात मी 'किरकोळ' लिहायचे, तसाच.)

माझा पुतण्या हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकला आहे. तो म्हणतो, "काकू, पगार कमी ठेवला तर चांगली माणसं कॉर्पोरेटमध्ये जातील. मग औषधाची खरेदी, मशिनरी, विमा कंपन्यांशी बोलणी कोण करणार?" त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. अडाणी कारभारानं बुडालेल्या संस्था आपण पाहिल्यात. त्या माणसानं फुकट राबावं असंही मी म्हणत नाही. पण किती, याला कुठेतरी रेघ हवी. तिथंच काम करणाऱ्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या 20 पट, असं मला वाटतं. 20 शास्त्रात लिहिलेलं नाही, कोणी 25 म्हणेल. पण वॉर्डातल्या आयाला 12 हजार मिळत असतील तर 10 लाख हे 83 पट होतात, ते मला पटत नाही. आया-वॉचमन कंत्राटदाराकडचे असले तरी ते धरायचे, नाहीतर पळवाट तयारच. आणि बिलांची उलाढाल वाढली म्हणून सीईओला बोनस, हे तर बिलकुल नको. त्याचा भार शेवटी पेशंटच्याच बिलावर येतो.

कुणी म्हणेल, परिग्रहपरिमाण हे ज्याचं त्यानं घ्यायचं व्रत, दुसऱ्यावर कसं लादता? बरोबर आहे. खासगी हॉस्पिटलच्या मालकाला मी काही विचारत नाही. पण निर्माल्य द्रव्याला हात लागू नये म्हणून आपण किती जपतो! देवळातला तांदळाचा दाणा पदराला चिकटून घरी आला तर जीव खालीवर होतो. सवालात बोललेली रक्कम कुठं खर्च झाली, हे आपल्या बायका कमिटीला खडसावून विचारतात. हॉस्पिटलला चेक दिला की मात्र फोटो काढून घरी येतो.

मावशींच्या नवऱ्याचं ऑपरेशन शेवटी सरकारी दवाखान्यात झालं, आता तो हिंडूफिरू लागलाय. मी विश्वस्तांना पत्र लिहून दोनच गोष्टी विचारल्या आहेत: सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान पगार किती, आणि गेल्या वर्षी गरिबांच्या निधीत किती आले, किती खर्च झाले. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. दशलक्षण पर्वात सासूबाईंच्या नावानं द्यायचा यंदाचा चेक मी लिहिलाय, नावाची जागा तेवढी कोरी ठेवली आहे.