बारा पानांची सूचना आणि नवव्या पानावरच्या तीन ओळी

जानेवारी उजाडला की आमच्या फोनवर दोन निरोप हमखास येतात. एक सोसायटीचा : गुरुवारी पाणी बंद, भरून ठेवा. दुसरा लेकीच्या शाळेचा. सोसायटीचा निरोप एका ओळीत संपतो. शाळेची पीडीएफ यंदा बारा पानांची आलीये.

शाळेचं नाव लिहीत नाही. कारण विषय एका शाळेचा नाहीच. पुणे-पिंपरीत, ठाण्यात, नाशकात, नागपुरात, कुठेही जा, नावात 'इंटरनॅशनल' असलेली शाळा दोन-चार चौकांत एक तरी सापडतेच. त्यातल्या कितीतरी आपल्या साध्या सीबीएसईच्या. आमचीही त्यातलीच. आणि जानेवारीत अशी पीडीएफ बहुतेक सगळीकडे येते. तुमच्याकडेही आली असेल. वाचलीत का पूर्ण? मी पहिल्यांदा नव्हती वाचली.

पीडीएफमध्ये काय काय होतं ते सांगतो.

पान एक, नववर्षाच्या शुभेच्छा. पान दोन, थंडी. मुलांना फक्त शाळेचा लोगो असलेलंच जॅकेट घालून पाठवा, दुसऱ्या रंगाचे स्वेटर चालणार नाहीत. माझ्या आईने नातीसाठी स्वेटर विणलाय. रंग मुद्दाम शाळेचाच घेतलाय, गडद निळा. तरी डायरीत शेरा आला. लोगो नाही ना त्यावर. सकाळी पावणेसातला गेटवर बसची वाट बघत कुडकुडणाऱ्या पोरीला थंडी लोगो बघून वाजते की काय, कोण जाणे.

पान तीन, वेळापत्रक. 'हिवाळ्यात शाळेच्या वेळेत कोणताही बदल नाही.' लेक तिसरीत आहे, शाळा भरते ७:५० ला. आता, ८ फेब्रुवारी २०२४ चा राज्य सरकारचा शासन निर्णय आहे की पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत. सर्व माध्यमांच्या, सर्व व्यवस्थापनांच्या शाळांसाठी. ज्या शाळांना खरंच अडचण आहे, त्यांच्याबाबत शिक्षणाधिकाऱ्यांनी निर्णय घ्यायचा. आमच्या शाळेने तशी परवानगी घेतलीये का? माहीत नाही, कारण आमच्यापैकी कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

पान चार, संक्रांत. मुलांनी काळे कपडे घालावेत, घरचे तिळगूळ आणू नयेत कारण काही मुलांना तिळाची आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. ही सूचना योग्यच आहे. ताप-खोकला असेल तर मुलाला पाठवू नका, हीसुद्धा योग्य. सगळंच चूक आहे असं म्हणायचं नाहीये मला. ही पीडीएफ कुणातरी टीचरने घरचा स्वयंपाक उरकून रात्री टाईप केलेली असते, हे मला कळतं.

पान पाच-सहा, गॅदरिंग. पान सात, २६ जानेवारीची उपस्थिती. पान आठ, बस.

आणि पान नऊ. तळाशी, बारीक अक्षरात, तीन ओळी. पुढील वर्षाची सुधारित शुल्करचना सोबत जोडली आहे. पहिला हप्ता ३१ जानेवारीपर्यंत भरून प्रवेश निश्चित करावा. न भरल्यास जागा रिक्त समजण्यात येईल.

सोबतचा तक्ता उघडला. यंदा १,१०,००० भरले होते. पुढच्या वर्षी १,२८,०००. म्हणजे १६ टक्क्यांच्या वर वाढ. बसचे वेगळे, पुस्तकांचे वेगळे, ते लोगोवालं जॅकेट वेगळं.

त्या रात्री वर्गाच्या ग्रुपवर १४३ मेसेज पडले. मी मोजले. त्यातले जवळजवळ सगळे गॅदरिंगच्या ड्रेपरीवर होते. मोरपंखी की राणी कलर. भाड्याने आणायची की शिवून घ्यायची. केसांत गजरा खरा की कागदाचा. फीवर किती मेसेज होते माहितीये? दोन. एक 'बाप रे' आणि एक डोळे विस्फारलेला इमोजी. त्यावर लगेच कुणीतरी ब्लाउजचा फोटो टाकला आणि विषय संपला.

साडेअकराला मला एका ताईंचा वेगळा मेसेज आला. त्यांची दोन्ही मुलं याच शाळेत. लिहिलं होतं, "दादा, आम्ही बहुतेक पुढच्या वर्षी नसू. यांच्या कंपनीत गडबड चालू आहे. दोघांचं मिळून जमत नाहीये. ग्रुपवर सांगू नका प्लीज."

हा शेवटचा 'प्लीज' माझ्या डोक्यातून जात नाहीये. म्हणून ही पोस्ट.

खरं सांगू का, इंटरनॅशनल शाळेत पोर घातलं की 'परवडत नाही' हे दोन शब्द तोंडातून काढायची सोय राहत नाही. आपण सगळे नोकरदार. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, आई-वडिलांची औषधं, वर ही फी. आमच्या ग्रुपवर निम्म्या लोकांना या वाढीने घाम फुटला असणार, मी पैज लावतो. पण पहिला कोण बोलणार? जो बोलेल त्याची ऐपत काढली जाईल, पोराकडे वेगळ्या नजरेने बघतील, ही भीती. त्यामुळे आपण ड्रेपरीवर बोलतो, कारण ड्रेपरीवर बोलायला लाज वाटत नाही. आणि ज्याला खरंच झेपत नाही तो गुपचूप दाखला काढून निघून जातो. जूनमध्ये आपण विचारतो, अरे तो दिसत नाही हल्ली बसला?

आता मुद्द्याचं. या फीचा निर्णय एकट्या शाळेने घ्यायचा नसतो. महाराष्ट्रात त्यासाठी कायदा आहे. विधिमंडळाने २०११ साली केलेला शुल्क विनियमन कायदा. बोर्ड कुठलंही असो, नावात इंटरनॅशनल असो की ग्लोबल, खाजगी शाळेला तो लागू आहे. त्यात काय म्हटलंय ते सोप्या भाषेत लिहितो.

प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ हवा. शाळेत ज्याचं मूल आहे तो प्रत्येक पालक त्याचा सभासद. या संघाची एक कार्यकारी समिती असते. मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधून, आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक, एक शिक्षक. पालक सदस्य शाळेने आपल्या मर्जीने नेमायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकून निवडायचे. शाळेने पुढच्या वर्षाची प्रस्तावित फी, हिशोबाच्या कागदांसह, या समितीपुढे ठेवायची. कधी? पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी. समितीने मंजूर केलेली फी नोटीस बोर्डावर मराठी, इंग्रजी आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावायची, वेबसाइट असेल तर तिथेही टाकायची. आणि ही ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बांधील असते.

आता हिशोब करा. आमची शाळा जूनमध्ये सुरू होते. म्हणजे डिसेंबर उजाडायच्या आत प्रस्ताव समितीपुढे गेला असला पाहिजे. जानेवारीत जो फीचा तक्ता आपल्या हातात पडतो, त्यावर 'कार्यकारी समितीने अमुक तारखेच्या बैठकीत मंजूर केलेली' असं लिहायला शाळेला अडचण काय? बारा पानांत गजरा कसा माळायचा ते होतं. ही एक तारीख नव्हती.

मी शाळेत गेलो. रिसेप्शनवरची मुलगी बिचारी गोड बोलली. "सर, पीटीएचं अप्रूव्हल झालंय." म्हटलं, समितीत कोण कोण आहेत? "बोर्डवर लावलंय सर." बोर्ड कुठे आहे? आतल्या इमारतीत. पालकांना गेटच्या आत सोडतात ते ओपन हाऊसच्या दिवशी.

शोध घेतल्यावर कळलं की आमच्या इयत्तेचे पालक सदस्य म्हणजे रोज सकाळी माझ्या शेजारी बसची वाट बघत उभे राहणारे गृहस्थ. एकदम सरळ माणूस. त्यांना विचारलं. म्हणाले, "मीटिंगला बोलावलं होतं हो. प्रेझेंटेशन झालं, चहा-सामोसा झाला, शेवटी रजिस्टरवर सही घेतली. हजेरीची असेल असं वाटलं. नीट वाचलं नाही, खोटं कशाला बोलू."

मला राग आला. पण घरी येऊन फोनमध्ये मागे मागे गेलो तेव्हा जूनमधला एक मेसेज सापडला. 'पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर काम करण्यास इच्छुक पालकांनी नावे द्यावीत.' त्याखाली माझाच अंगठा होता. नाव दिलं नव्हतं, नुसता अंगठा. म्हणजे शाळेने विचारलं होतं आणि मी हो-नाही काही न म्हणता पुढे सरकलो होतो. तो सरळ माणूस निदान मीटिंगला गेला तरी. मी तेवढंही केलं नाही.

त्यामुळे ही पोस्ट शाळेविरुद्ध जेवढी आहे तेवढीच माझ्याविरुद्धही आहे.

काही मित्र म्हणतील, नाही परवडत तर काढा ना तिथून, शाळा काय कमी आहेत? अहो, पोर म्हणजे मोबाईल नंबर नाही, या कंपनीतून त्या कंपनीत पोर्ट करायला. तिसरीतल्या मुलीच्या मैत्रिणी असतात, एखादी लाडकी टीचर असते, बसमधल्या मावशी असतात ज्यांच्या मांडीवर ती झोपते. आणि जानेवारीत तारीख देऊन 'जागा रिक्त समजू' म्हणायचं, म्हणजे दुसरी शाळा शोधायला वेळच द्यायचा नाही. ग्राहकाला दुकान बदलता येतं. पालकाला एवढं सोपं नसतं, आणि हे शाळेला चांगलं ठाऊक असतं.

काही म्हणतील, खर्च वाढतोच की. मान्य. डिझेल वाढलं, वीज वाढली, टीचरचे पगार वाढायला हवेत. मग हिशोब दाखवा. फी १६ टक्के वाढली तर टीचरचा पगार किती टक्के वाढला, हे विचारायची जागाही तीच समिती आहे. बरोबर वाढ असेल तर मी मुकाट भरेन, आणि ग्रुपवर शाळेची बाजूही घेईन. पण न दाखवता, बारीक अक्षरात, नवव्या पानावर नको.

तर या महिन्यात काय करता येईल? मी जे करतोय ते लिहितो.

१. पीडीएफ शेवटपर्यंत वाचा. फीचा जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवा. मागची वाढ कधी झाली होती ते बघा. दोन वर्षं झाली नसतील तर पहिला प्रश्न तोच.

२. शाळेला लेखी विचारा. तोंडी नाही. समितीचे सदस्य कोण, फीच्या बैठकीची तारीख काय, मंजुरीच्या ठरावाची प्रत मिळेल का. भाषा नम्र ठेवा. अर्जाची पोच घ्या.

३. तुमच्या इयत्तेच्या पालक सदस्याला भेटा. भांडायला नाही. त्यांनाही बऱ्याचदा माहीत नसतं की त्यांच्या सहीला किती किंमत आहे.

४. एकट्याने जाऊ नका. फीविरुद्ध विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागायची तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. ही अट मला जाचक वाटते. पण आहे ती आहे. आणि जिथे दहा जण ग्रुपवर तोंड उघडत नाहीत तिथे २५ टक्के आकाशातून पडणार नाहीत.

५. जूनमध्ये तो मेसेज येईल तेव्हा अंगठा दाखवू नका. नाव द्या. चिठ्ठी निघाली तर मीटिंगला जा, सामोसा खा, पण रजिस्टर वाचल्याशिवाय सही करू नका.

आणि एक विनंती शाळांनाही. तुम्ही आम्हाला वर्षभर आठवणी करून देता. जॅकेटची, हप्त्याची, उपस्थितीची, नखं कापायची. चांगलं आहे. तशीच एक आठवण आमच्या हक्काचीही पाठवत जा. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. पालकांना विश्वासात घेतलं तर शाळेचं काही बिघडत नाही.

काल रात्री मी ग्रुपवर लिहिलं. सरळ लिहिलं की मला ही वाढ जड जातेय आणि मंजुरीची प्रत मागायला मी सोमवारी अर्ज देतोय, कुणाला सही करायची असेल तर सांगा. पाठवताना हात थोडा थबकला, खोटं नाही सांगत. बायको म्हणाली, "पाठव. आपण चोरी केलीये का?" दहा मिनिटं सन्नाटा. मग एक हात वर आला. मग दुसरा. सकाळपर्यंत अकरा झाले. त्या ताईंचा नाही आला, पण त्यांनी मला वेगळा नमस्कार पाठवला. मला तेवढं पुरे. बसस्टॉपवरचे ते गृहस्थ मात्र म्हणाले, "माझी सही सगळ्यात वर घ्या. मागची चुकून झाली होती."

अकरा म्हणजे २५ टक्के नव्हेत. त्याच्या जवळपासही नाहीत. पण अर्जाला तेवढे पुरतात. उत्तर काय येतं ते इथेच लिहीन, शाळेच्या बाजूने असलं तरी लिहीन.

ड्रेपरीचा रंग तेवढा ठरलाय. मोरपंखी. फीचं बघू.

(तुमच्या शाळेत काय चाललंय ते खाली लिहा. शाळेचं नाव नका लिहू, काय घडलं तेवढंच लिहा. आणि पटलं तर ही पोस्ट तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाका. ड्रेपरीची चर्चा चालू असेल तेव्हाच टाका, तेव्हा सगळे जागे असतात.)