धुऱ्यापलीकडचा वाघ

नागपूर-हैदराबाद रस्त्याने पांढरकवड्याला आलेल्या कितीतरी गाड्या सुटीच्या दिवशी टिपेश्वरकडे वळतात. रान तसे साधेच. साग, मोह, तेंदू, पळस. उन्हाळ्यात पानगळ झाली की सारे उघडेबोडके होते आणि पाणवठ्यावर आलेले जनावर लांबूनही नजरेस पडते. चितळ, सांबर, रोही; नशीब असेल तर अस्वल. पण परतणाऱ्याला प्रश्न एकच : वाघ दिसला का? दिसला असेल तर पैसे वसूल! उभी हयात बँकेत हिशेब करण्यात गेली, तरी जंगलाच्या दारातला हा हिशेब माझ्या कानाला बरा वाटत नाही.

१९९७ मध्ये अभयारण्य झालेले हे जंगल आहे जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. ताडोबाच्या गाभा क्षेत्राच्या चौथाईहूनही कमी. एवढ्याशा जागेत वाघ वाढले, ही वनखात्याची कमाईच म्हणायची. पण वयात आलेल्या वाघाला स्वतःचा मुलूख शोधावा लागतो आणि त्यासाठी सीमा ओलांडून कपाशीच्या वावरातच उतरावे लागते. असाच एक रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वरहून निघाला. कधी तेलंगणात, कधी पुन्हा अलीकडे, असे तेराशे किलोमीटर चालून तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दिवसा झुडपात दडायचे, रात्री चालायचे. आपण त्याला कौतुकाने 'वॉकर' म्हणालो. तो घर शोधत होता, हे म्हणणारे थोडे.

त्याच्या आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ रोजी, राळेगाव भागात अवनी वाघीण गोळी घालून मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. शहरांत निषेधाचे मोर्चे निघाले, तिकडे खेड्यांत मिठाई वाटली गेली. मिठाई वाटणाऱ्यांना क्रूर ठरवणे सोपे आहे. कापूस वेचणारी बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते, भोवती पऱ्हाटी दाट असते, आणि पाठीमागे काय आहे ते तिला दिसत नाही. शेतपंपाची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने रात्रीची येत आली आहे; ओलितासाठी अंधारात जावे तर जिवाची धास्ती, न जावे तर पीक वाळते. पीककर्जाच्या अर्जात जमीन, विहीर, बैल यांची नोंद आम्ही करून घेत असू. धुऱ्यापलीकडे कोण राहते, याचा रकाना त्यात नव्हता.

तेव्हा वाघ पाहायला जाऊ नये का? जरूर जावे, मुलाबाळांना घेऊन जावे. पण टिपेश्वरला नवे प्रवेशद्वार किंवा नवे रिसॉर्ट होण्याआधी सीमेवरच्या गावांना दिवसाची वीज मिळावी, मेलेल्या गाईची भरपाई पुढल्या हप्त्याच्या आत हाती पडावी, असे माझे मत आहे. गाय गेली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही, हे मी खुर्चीच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.

आणि परतताना एखाद्या वावरापाशी गाडी थांबवा. तिथे रानडुकरांच्या जागलीसाठी उभारलेले मचाण दिसेल. रात्री त्यावर कोण झोपते, एवढे विचारून घ्या.