नाका हलला, जकात राहिली : गेमविक्रीच्या इतिहासाचा एक धडा

१/१२
डिजिटल विक्रीने स्वतंत्र गेमनिर्मात्याला दुकानदार आणि प्रकाशक यांच्या जाचातून मुक्त केले, असा इतिहास आज सर्रास सांगितला जातो. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे. बाजाराच्या वाटेवरचा नाका एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसला; जकात कायम राहिली. हे कसे घडले, ते क्रमाने पाहू. #थ्रेड

२/१२
आरंभ १९८० पासून करू. कॅलिफोर्नियात केन आणि रॉबर्टा विल्यम्स या दांपत्याने ॲपल टू संगणकासाठी 'मिस्टरी हाउस' हा गेम तयार केला. फ्लॉपी आणि सूचनांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो दुकानांतून विकला गेला. किंमत २४.९५ डॉलर. निर्माता आणि गिऱ्हाईक यांच्यात अंतर असे ते एवढेच.

३/१२
ही सुलभता टिकली नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. अटारी कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरला. पुढे निन्टेंडोने बाजार सावरला, पण कठोर अटींवर : कार्ट्रिज निन्टेंडोकडूनच बनवून घ्यायची, आणि अमेरिकेत एका परवानाधारकाने वर्षाला पाचच गेम काढायचे.

४/१२
संगणकावरील गेमना असा परवाना लागत नसे. तेथे अडसर होता दुकानातील फळीचा. आकर्षक खोके, छपाई, वाहतूक, दर्शनी भागातील जागा, सगळ्यालाच भांडवल हवे. ते प्रकाशकाजवळ असे. म्हणून कोणता गेम लोकांपर्यंत पोहोचावा, हेही बहुधा तोच ठरवी.

५/१२
या नाक्याला वळसा घालण्याचे प्रयत्न इंटरनेट घरोघरी पोहोचण्यापूर्वीच सुरू झाले होते. १० डिसेंबर १९९३ रोजी इड सॉफ्टवेअरने 'डूम'चा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर मोफत ठेवला. आवडला तर पुढील भाग कंपनीकडून थेट मागवावेत, ही 'शेअरवेअर' पद्धत. डिजिटल वितरणाची मुळे येथे आहेत.

६/१२
सप्टेंबर २००३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम' सुरू केले. पुढच्याच वर्षी 'हाफ-लाइफ २' आला. दुकानातून खोके विकत घेणाऱ्यालाही स्टीमवर नोंदणी केल्यावाचून तो खेळता येत नसे. म्हणजे दुकानदार स्वतःच्या हाताने आपले गिऱ्हाईक प्रतिस्पर्ध्याच्या दारात नेऊन सोडत होता. पुढच्या काळाची दिशा येथेच ठरली.

७/१२
स्वतंत्र निर्मात्यांचा लाभ खरा होता, हे मान्य केलेच पाहिजे. २००८ मध्ये 'ब्रेड' आणि 'वर्ल्ड ऑफ गू' हे मूठभर माणसांचे गेम डिजिटल दुकानांतून गाजले. एरिक बरोन याने सुमारे चार वर्षे एकट्याने घडवलेला 'स्टार्ड्यू व्हॅली' २०१६ मध्ये आला. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये जगभर पोहोचला. जुन्या व्यवस्थेत पुण्यातल्या छोट्या चमूला परदेशी दुकानाची फळी कोणी दिली असती?

८/१२
दुकानांची बाजूही समजून घ्यावी. वापरलेल्या गेमची फेरविक्री हा त्यांच्या नफ्याचा मोठा आधार होता. त्यातून निर्मात्याला काहीच मिळत नसे. डिजिटल प्रत पुन्हा विकता येत नाही, त्यामुळे तो आधार खचू लागला. मार्च २०१२ मध्ये ब्रिटनमधील 'गेम' ही दुकानसाखळी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. तिच्या अडचणींना इतरही कारणे होती, पण काळ उलटला होता.

९/१२
मग फळीची मर्यादा संपली आणि निराळीच टंचाई उभी राहिली. २०१७ पासून स्टीमवर १०० डॉलर भरून कोणालाही गेम मांडता येतो. २०२४ या एका वर्षात तेथे अठरा हजारांहून अधिक गेम आले. पूर्वी जागा दुर्मीळ होती, आज लक्ष दुर्मीळ आहे. आणि ते कोणाकडे वळावे, हे बऱ्याच अंशी दुकानाचा अल्गोरिदम ठरवतो.

१०/१२
जकातीकडे पाहा. स्टीमचा प्रचलित वाटा ३० टक्के. २०१८ च्या अखेरीस व्हॉल्व्हने सवलत जाहीर केली : एखाद्या गेमची कमाई १ कोटी डॉलरपलीकडे गेल्यास वरच्या रकमेवर २५ टक्के, ५ कोटींपलीकडे २० टक्के. सवलत बड्यांना, पूर्ण जकात लहानांना! याच्या उलट करणे अशक्य नाही. ॲपलने २०२१ पासून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्या विकासकांसाठी आपला वाटा १५ टक्क्यांवर आणला.

११/१२
इतिहासप्रेमींना एक हानी विशेष खुपावी. मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोने 'वी यू' आणि 'थ्री-डीएस' यांची ऑनलाइन दुकाने बंद केली. केवळ तेथेच विकले जाणारे गेम बाजारातून नाहीसे झाले. १९८० ची ती प्लास्टिकची पिशवी संग्राहक आजही जपतात. बंद झालेल्या डिजिटल दुकानातला गेम उद्याच्या अभ्यासकाने कोठे शोधावा?

१२/१२
माझे मत स्पष्ट आहे. डिजिटल बाजार मोडावा असे मी म्हणत नाही. त्याने अनेक गुणी हातांना वाट दिली. परंतु लहान निर्मात्याकडून कमी वाटा घ्यावा, आणि निर्मात्यानेही एक दार स्वतःचे ठेवावे. 'माइनक्राफ्ट' स्टीमविना, स्वतःच्या संकेतस्थळावरून विकला गेला आणि जानेवारी २०११ पर्यंत त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. असे यश विरळा, पण स्वतःच्या दारावर जकात दुसऱ्याची नसते. कोणत्याही बाजाराचा इतिहास वाचताना नाका कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी पाहावे. आपले मत वेगळे असल्यास अवश्य मांडावे.