समुद्र बघायला गेलो आणि विहिरीपाशी थांबलो

‘वर्षाचे दिवस ३६५ आणि आमच्या बेटावर बीचही ३६५!’ अशी जाहिरात अँटिग्वा नावाचं कॅरिबियन बेट वर्षानुवर्षं करत आलंय. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीने ती मला फॉरवर्ड केली आणि खाली लिहिलं, ‘चल ना यार, एकदाच जगायचंय.’ फोटो नेहमीचाच. पांढरी वाळू, निळंशार पाणी, दोन माडांना बांधलेली झोळी आणि झोळीत एक टोपी. मी तिकिटाचा आकडा बघितला आणि शांतपणे लॅपटॉप मिटला. फ्रीलान्सरचा बँक बॅलन्स हेही एक बेटच असतं, पण तिथे बघण्यासारखं काही नसतं.

पण सवय वाईट. जायचं नसलं तरी मी वाचत बसले. विव्ह रिचर्ड्सचं गाव, एवढंच मला अँटिग्वाबद्दल ठाऊक होतं. कोलंबस १४९३ मध्ये तिथून गेला आणि बेटाला नाव देऊन मोकळा झाला. मग इंग्रज आले, त्यांनी जंगल तोडून ऊस लावला, आणि तो तोडायला आफ्रिकेतून गुलाम आणले. त्याच गुलामांच्या हातांनी इंग्रजी आरमाराची गोदी बांधली गेली. आज तिला नेल्सन्स डॉकयार्ड म्हणतात आणि २०१६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. १ नोव्हेंबर १९८१ ला बेट स्वतंत्र झालं. हे सगळं ठीक. पण मी अडखळले ती एका साध्या गोष्टीपाशी. या बेटावर बारमाही नदीच नाही! पूर्वीपासून लोक छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवत आले आणि आता बरंचसं पाणी समुद्राचं मीठ काढून मिळवलं जातं. चारी बाजूंनी पाणीच पाणी, आणि प्यायला मारामार. खानदेशातल्या पोरीला दुसरं काय दिसणार म्हणा!

माझं गाव अमळनेर तालुक्यातलं. आमच्याकडे ‘नळाला पाणी कधी येतं’ या प्रश्नाचं उत्तर तासांत देत नाहीत, दिवसांत देतात. सुट्टी म्हटलं की आमची धाव पाटणादेवी, फार फार तर तोरणमाळ. समुद्र सिनेमात. पासष्टीला आलेले माझे आप्पा, जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले, त्यांनी पोरांना द्वीप आणि द्वीपकल्प यातला फरक आयुष्यभर शिकवला. समुद्र मात्र त्यांनी कधी बघितला नव्हता.

म्हणून यंदा फेब्रुवारीत आई-आप्पांना घेऊन मालवणला गेले. बेटच बघायचं ना? मालवणसमोर कुरटे बेट आहे, त्यावर सिंधुदुर्ग आहे.

आता खरं सांगते. ट्रिपमागे एक डाव होता. आमची चार एकर जमीन, कपाशीची. विहीर आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात खणलेली, दहा परस खोल, काळ्या पाषाणात सुरुंग लावून. तेव्हा बारा वर्षांचे असलेले आप्पा घमेली वाहायचे. तीच विहीर यंदा जानेवारीतच तळाला गेली. भाऊ सुरतला असतो. त्याचं आणि माझं फोनवर ठरलं होतं की आप्पांना जमीन विकायला राजी करायचं आणि दोघांना पुण्यात आणायचं. घरी हा विषय काढला की आप्पा उठून गोठ्यात जातात. बेटावर उठून जाणार कुठे?

सातशेहून जास्त किलोमीटर. जळगावपासून पुण्यापर्यंत एक रात्र, पुण्याहून मालवणपर्यंत दुसरी. आईने घाटात पिशवी धरली ती सोडलीच नाही. (तुम्हाला सोपं पडेल. मुंबईकडून कोकण रेल्वेने कुडाळ गाठा आणि पुढे एसटी.) सकाळी मालवणच्या बंदरावर उतरलो आणि समोर समुद्र! मी मोबाइल काढून तयार. आप्पा पहिल्यांदा समुद्र बघतायत, व्हिडिओ झालाच पाहिजे. आप्पांनी समुद्र बघितला. चप्पल काढली, पाणी हातात घेतलं, जिभेला लावून थुंकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पाही लिधा. आते?”

व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे.

होडीने किल्ल्यावर जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते, तेव्हा जून ते ऑगस्ट या भानगडीत पडू नका. होडीतून किनाऱ्यावर राजकोटचा शिवरायांचा पुतळा दिसतो. तिथला आधीचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. आत्ताचा मे २०२५ मधला. मान जरा दुसरीकडे वळवली की पाण्यात सिंधुदुर्गाची तटबंदी, साडेतीनशेहून जास्त वर्षं लाटा खात उभी. नऊ महिनेही न टिकलेलं काम आणि हे काम एकाच होडीतून दिसतं, आणि होडीवाला काही न बोलता फक्त वल्ह्याने दोन्हीकडे दाखवतो.

शिवरायांनी या किल्ल्याची पायाभरणी केली २५ नोव्हेंबर १६६४ ला. त्याची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आजही मालवणच्या किनाऱ्यावर आहे. त्यावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेत. त्याच वर्षी जानेवारीत सुरतेची लूट झाली होती आणि त्यातला पैसा इथे आला असं म्हणतात. जंजिऱ्याचा सिद्दी हाती लागत नव्हता, पोर्तुगीज आणि इंग्रज समुद्रावर हक्क सांगत होते. त्यांना समुद्रातूनच उत्तर द्यायचं होतं. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीन वर्षांत अठ्ठेचाळीस एकरांचं बेट तटाने बांधून काढलं. पायाच्या दगडांत शिसं ओतलं. दरवाजा तर असा, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत कुठे आहे ते कळतच नाही. आप्पा भूगोलवाले असले तरी इथे खूश झाले. “शिकवताना नकाशावर एक टिंब होतं हे,” म्हणाले.

आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं. महाराजांची मूर्ती दाढीशिवाय, नेहमीच्या जिरेटोपाशिवाय आहे, त्यामुळे कॅलेंडरातले महाराज शोधणारे जरा गोंधळतात. तटावर चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, ते महाराजांचे म्हणून पुजले जातात. पुढे १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याचं नाव चक्क फोर्ट ऑगस्टस ठेवलं. बिचाऱ्यांचं नाव टिकलं नाही. उलट १९८१ मध्ये रत्नागिरीतून नवा जिल्हा निघाला तेव्हा सगळ्या जिल्ह्यालाच किल्ल्याचं नाव मिळालं. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठा लष्करी वास्तूंचे बारा किल्ले यादीत घेतले त्यात सिंधुदुर्ग आहे. आपल्या शेजारच्या बागलाणातला साल्हेरही त्यातच. (धुळेकरांनो, साल्हेर तर तुम्हाला मालवणपेक्षा कितीतरी जवळ. गेलात का?)

आतापर्यंत मी डाव टाकायची जागा शोधत होते. तटावरून ‘राणीची वेळा’ म्हणतात ती छोटीशी पुळण दिसते, तिथे विषय काढायचा असं मनाशी ठरवलं होतं. वारा छान होता. मागे वळून बघते तर आप्पा गायब.

आप्पा विहिरीच्या काठावर ओणवे होऊन आत बघत होते.

सिंधुदुर्गात तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तिन्हींचं पाणी गोडं. चारही बाजूंनी अरबी समुद्र, तटापलीकडे लाट फुटल्याचा आवाज येतोय आणि इथे प्यायचं पाणी! नावं ऐकून आई म्हणाली, “दूध शे, साखर शे, आते पत्ती तेवढी बाकी र्‍हायनी.” बंदरापासून तिने चहाच घेतला नव्हता.

आप्पा हसले नाहीत. “आठे गोडं पानी कसं काय लागनं?” एवढंच पुटपुटले.

याचं उत्तर मी नंतर वाचलं. लहान बेटावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, जणू सायीचा थर. विहीर त्या सायीपुरतीच खणायची आणि पाणीही बेतानेच काढायचं. हाव केली की खालून खारं वर येतं आणि मग ती विहीर गेलीच समजा. थोडक्यात, किल्ला शिशाने उभा राहिला असेल, पण माणसं त्यात राहिली ती या तीन खड्ड्यांमुळे. वेढा पडला तरी तहान लागणार नाही, हे आधी बघितलं आणि मग तट बांधला. अँटिग्वाला झोळी आहे, पण साखरबाव नाही!

किल्ल्यात अजूनही मोजकी कुटुंबं राहतात. त्यातल्या एक काकू घरासमोर कोकम सरबत विकत होत्या. “खंयसून इलास?” त्यांनी विचारलं. मी जळगाव म्हटलं. “ता खंय इला?” आप्पांमधला मास्तर जागा झाला. त्यांनी काठीने वाळूत महाराष्ट्र काढला आणि वर टिंब दिलं. मग थेट मुद्द्यावर.

“मे महिन्यात राहतं का हो पाणी?”

“कमी जाता, पण आटत नाय.”

“पंप लावलाय?”

काकू हसल्या. पंप लावून उपसा केला तर राहील का काका, असं काहीसं म्हणाल्या. मग पावसाळ्याचं सांगत बसल्या. होड्या बंद व्हायच्या आधी तांदूळ, डाळ, तेल, औषधं भरून ठेवायची. मुलं शिकायला मालवणात. त्यांचं म्हणणं, आता तुम्हीही खाली या. “मग जात का नाही?” हा प्रश्न मी विचारला. मीच. काकूंनी विहिरीकडे बघितलं आणि सरबतात साखर घातली. घरातून तांब्याभर पाणी आणून आप्पांना दिलं. आप्पांनी ते समुद्रासारखं चाखून बघितलं नाही. सगळं प्यायले.

मग आई बोलायला लागली. ट्रिपमध्ये पहिल्यांदाच, आणि थांबेना. तिचं माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथे नदीवर जुने बंधारे आहेत, त्यांच्या पाण्यावर फड चालतात. शिवाराचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी कुणाला किती आणि कधी ते पाटकरी ठरवणार. पाणी कमी असलं तर सगळ्यांनाच कमी. तिचे आजोबा पाटकरी होते. सख्ख्या भावाने पाळी मोडली म्हणून त्यांनी त्याचं पाणी तोडलं होतं, आणि दोन वर्षं घरात बोलणं नव्हतं. हे मला अठ्ठावीस वर्षांत माहीत नव्हतं. मास कम्युनिकेशनची डिग्री घेतली, अनोळखी लोकांच्या मुलाखती घेत हिंडते, आणि पाटकरी माझ्याच घरात!

काकूंना फड लगेच कळला. मला समजावून घ्यायला वेळ लागला.

दुपारी मालवणात परत येऊन जेवलो. माझ्यासाठी बांगडा आणि सोलकढी. शाकाहारी आई-आप्पांसाठी वालाची उसळ आणि भात, शिवाय आईने पिशवीतून काढलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा. तारकर्ली इथून सहा-सात किलोमीटरवर. स्कूबा डायव्हिंग तिथे करता येतं आणि पाणी स्वच्छ असलं तर मजा येते. मी केलं नाही, कारण आप्पांना पाण्याखाली काय असतं यात रस नव्हता आणि मला आप्पांना एकटं सोडायचं नव्हतं. बाजारात मालवणी खाजं घ्यायला विसरू नका, गूळ-आल्याचं असतं. परतीच्या बसमध्ये तेच आमचं रात्रीचं जेवण झालं.

भावाचा मेसेज आला, ‘झालं का बोलणं?’ मी ‘नाही’ लिहिलं, पुसलं, पुन्हा ‘नाही’ लिहिलं. मैत्रिणीचाही आला, ‘अँटिग्वाचं काय?’ तिला मी विहिरीचा फोटो पाठवला. तिने प्रश्नचिन्ह पाठवलं.

बस घाट चढायला लागली, आईने पिशवी धरली. आप्पा खिडकीपाशी. झोपले असं वाटलं तोच खिशातून फोन काढून त्यांनी गावी आमच्या सालदाराला लावला. रेंज येत-जात होती, म्हणून मोठ्याने ओरडत होते, आणि पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघत होता.

“ऐकू इ र्‍हायनं का? हां… मी काय म्हनस, गाळ काढाना काय भाव शे रे आते? क्रेनवाला कितला लेस?”