भिंतीबाहेरचे ओझे

२२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला आणि मध्यमवर्गाने त्याचे मनापासून स्वागत केले. ते स्वागत अनाठायी नव्हते. वातानुकूलन यंत्र ही चैनीची वस्तू आहे, हा समज जुन्या काळातला आहे. सिमेंटच्या तापलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला मे महिन्यात रात्रीची झोप मिळणे याला चैन म्हणणारा माणूस एक तर डोंगरावर राहत असावा किंवा त्याच्या स्वतःच्या खोलीत यंत्र चालू असावे. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये जो शीतकरण कृती आराखडा प्रसिद्ध केला, त्यात देशातील सुमारे ८ टक्के घरांतच असे यंत्र असल्याचे म्हटले होते. तेव्हापासून मागणी वाढतच गेली असून २०२४ सालच्या विक्रीने एक कोटीचा आकडा सहज ओलांडला. ही वाढ थांबणार नाही आणि ती थांबावी असेही कोणी म्हणू नये. मात्र या वाढीची एक बाजू अशी आहे की जिची नोंद ना अर्थसंकल्पात होते, ना यंत्रावर चिकटवलेल्या तारांकित पट्टीवर. ती म्हणजे दरवर्षी लक्षावधी घरांच्या बाह्य भिंतींवर नव्याने चढणारे लोखंडी ओझे.

पूर्वीचे खिडकीतील यंत्र हे एकसंध होते. त्याचा अर्धा देह खोलीत आणि अर्धा बाहेर असे. ते खिडकीच्या चौकटीवर वा भिंतीतल्या भगदाडात बसे आणि ते डळमळू लागले, की त्याचा खडखडाट घरधन्यालाच प्रथम ऐकू येई. स्प्लिट पद्धतीच्या यंत्राने या संसाराची वाटणी केली. आवाज, उष्णता, कंप आणि वजन हे सारे बाहेर गेले; घरात उरला तो थंडावा. सोय म्हणून ही वाटणी उत्तमच आहे. परंतु तिच्याबरोबर आणखी एका गोष्टीची वाटणी झाली, तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. यंत्राचा उपभोग घेणारा आत राहिला आणि यंत्राचा धोका वाहणारा बाहेर गेला. बाहेर कोण असते? खालून जाणारा पादचारी, फाटकाशी उभा असलेला रखवालदार, आणि ते यंत्र बसवण्यासाठी खिडकीतून पाय बाहेर टाकणारा फिटर. या तिघांपैकी कोणालाही त्या थंडाव्याचा लाभ नसतो.

१७ ऑगस्ट २०२४ रोजी दिल्लीतील करोलबाग परिसरात जे घडले ते अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. अठरा वर्षांचा एक तरुण रस्त्याच्या कडेला स्कूटरवर बसून मित्राशी बोलत होता. वरच्या मजल्यावरून वातानुकूलन यंत्राचे आउटडोअर युनिट निसटले आणि थेट त्याच्यावर पडले. तो तरुण गेला. मित्र जखमी झाला. पोलिसांनी निष्काळजीपणाबद्दल गुन्हा नोंदवला. कॅमेऱ्याने टिपलेली ती काही क्षणांची दृश्ये देशभर फिरली, हळहळ व्यक्त झाली आणि प्रकरण विस्मृतीत गेले. दैवगती, असे म्हणून अनेकांनी उसासा टाकला. दैवाला दोष देण्यापूर्वी या यंत्राचे वजन भिंतीवर कसे पडते, हे एकदा पाहणे उचित ठरेल. कारण त्याचा हिशेब शाळेतल्या तरफेच्या पाठापलीकडचा नाही.

दीड टनाच्या यंत्राचे आउटडोअर साधारणतः २५ ते ४० किलो वजनाचे असते. येथे 'टन' हे वजन नसून थंडाव्याचे माप आहे, एवढे ध्यानात ठेवावे. समजा, युनिट ३५ किलोचे आहे. त्यामागे हवा खेळण्यासाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य भिंतीपासून सुमारे ३० सेंटिमीटर दूर राहतो. ब्रॅकेटच्या उभ्या पट्टीवरील वरच्या आणि खालच्या बोल्टांत ४० सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बोल्टांना भिंतीतून उपटू पाहणारी ओढ सुमारे २६ किलोची होते. ही काही मोठी ओढ नव्हे. बरा बोल्ट ती हसत सोसतो. पण फिटर दुरुस्तीसाठी बाहेर उतरतो आणि दुसरा आधारच नसल्यामुळे ब्रॅकेटच्या टोकावर पाय देऊन उभा राहतो. पासष्ट किलोचा माणूस भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर उभा राहिला, की एकूण ओढ शंभर किलोच्या घरात जाते. म्हणजे जवळजवळ चौपट. त्यात कॉम्प्रेसर आणि पंखा यांचा कंप मिळवावा. हा कंप दिसत नाही, मोठा नसतो, पण उन्हाळ्यात तासन् तास चालतो आणि न आवळलेला नट त्याच्या हाताने कणाकणाने सैल होत जातो. यंत्र ज्या दिवशी बसवले त्या दिवशी ते पडत नाही, याचेच आपल्याकडे प्रमाणपत्र मानले जाते. वस्तुतः ते पडते ते पाचव्या वा आठव्या वर्षी, जेव्हा ते बसवणाऱ्याचे नावही कोणाला आठवत नसते.

बोल्ट कशात धरला आहे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. काँक्रीटच्या तुळईत वा खांबात पसरणारा बोल्ट घट्ट धरतो. पक्क्या विटेतही, गिलावा सोडून विटेच्या गाभ्यात गेला तर, बऱ्यापैकी धरतो. परंतु अलीकडच्या बहुतेक टोलेजंग इमारतींच्या भिंती हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात. त्यात साधा पसरणारा बोल्ट आवळला, की आतला ठोकळा चुरतो आणि बोल्ट नुसता अडकून बसतो. तेथे भिंतीच्या आरपार जाणारा बोल्ट आणि आतल्या बाजूस लोखंडी पट्टी हाच उपाय. पण आरपार बोल्ट म्हणजे आतल्या रंगावर डाग, आणि तो घरमालकाला खपत नाही! जुन्या इमारतींची तऱ्हा निराळी. तेथे यंत्र सर्रास खिडकीवरच्या छज्जावर ठेवले जाते. तो छज्जा ऊन-पावसाला अडवण्यासाठी बांधलेला असतो; यंत्र आणि त्यावर चढणारा माणूस पेलण्यासाठी नव्हे. छज्जा भिंतीतून अधांतरी बाहेर येत असल्याने त्याच्या वरच्या अंगाला ताण पडतो आणि त्याचे लोखंडही तेथेच असावे लागते. बांधताना मजुरांच्या पायांखाली ते खाली दबले असेल, अथवा तीस-चाळीस पावसाळ्यांनी ते गंजवले असेल, तर वरून गुळगुळीत दिसणारा छज्जा आतून पोकळ झालेला असतो. मुंबईपासून पणजीपर्यंतच्या खाऱ्या हवेत साध्या पोलादाच्या ब्रॅकेटची गतही हीच. वरचा रंग शाबूत दिसतो. गंज सुरू होतो तो बोल्टच्या छिद्रापाशी आणि सांधकामापाशी, म्हणजे नेमका जेथे भार असतो तेथे.

आता या सगळ्याचा निर्णय प्रत्यक्षात कोण घेतो, ते पाहावे. यंत्र विकणारा दुकानदार 'फिटिंग मोफत' अशी पाटी लावतो वा नाममात्र रक्कम आकारतो. बसवायला येणारा तरुण बहुधा दुकानदाराचाही नोकर नसतो आणि कंपनीचाही नसतो. तो मध्यस्थ कंत्राटदारामार्फत नगावर काम करणारा असतो. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला जितकी यंत्रे बसतील तितकी त्याची कमाई. अशा माणसाने भिंत ठोकून पाहावी, ब्रॅकेट बदलून मागावे, दोर बांधण्याची जागा शोधावी आणि ती नसेल तर काम नाकारून परत जावे, ही अपेक्षा पुस्तकी आहे. त्याने काम नाकारले तर दुसरा तयार असतो. ब्रॅकेटचे पैसे वेगळे पडतात आणि पस्तीस-चाळीस हजारांचे यंत्र घासाघीस न करता घेणारे गिऱ्हाईक नेमके तेथे तीनशे रुपयांसाठी हुज्जत घालते. सुरक्षापट्टा असतो, पण तो पिशवीत. कारण तो अडकवायचा कशाला, याचे उत्तर इमारत बांधणाऱ्याने दिलेलेच नसते. पोहण्याचा तलाव आणि बगीचा यांची चित्रे छापणारे बांधकाम व्यावसायिक बाराव्या मजल्यावर यंत्रासाठी कट्टा ठेवतात खरा, पण त्या कट्ट्यावर जाण्यासाठी दार ठेवत नाहीत. खिडकीतून कसरत करत जावे लागते. वास्तुरचनेतील ही चूक सौंदर्यदृष्टीची नव्हे, माणुसकीची आहे.

उंचीचा धोका निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणारे धोके आणखी आहेत. सध्या घरगुती यंत्रांत प्रामुख्याने वापरला जाणारा आर-३२ हा वायू मंद ज्वालाग्राही आहे. काही यंत्रांतील आर-२९०, म्हणजे प्रोपेन, तर स्वयंपाकाच्या गॅसचाच सख्खा भाऊ. योग्य रीतीने बसवल्यास दोन्ही सुरक्षित आहेत. परंतु नळ्यांतील हवा पंपाने काढून घेण्याऐवजी थोडा वायू सोडून ती ढकलून देण्याची जुनी सवय अद्याप गेलेली नाही. यंत्र जागेवरून हलवण्यापूर्वी आतला वायू बाहेरच्या भागात ओढून घेतात. त्या वेळी एखादा सांधा उघडा राहिला तर हवा आत शिरते, वंगणतेलाबरोबर दाबाखाली तापते आणि कॉम्प्रेसरचा स्फोट होऊ शकतो. वरील २०१९ च्या आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. उद्दिष्ट चांगलेच होते; पण प्रमाणपत्र असलेल्यालाच काम द्यावे असे बंधन गिऱ्हाइकावरही नाही आणि दुकानदारावरही नाही. मग ज्याच्याकडे ते आहे त्याने ते भिंतीवर टांगावे, एवढाच त्याचा उपयोग.

कायदा आहे, पण तो यंत्र खाली पडल्यानंतर जागा होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते; जुन्या दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षांची होती. शिक्षा वाढली म्हणून बोल्ट घट्ट झाले नाहीत. कारण निष्काळजी कोण, हेच ठरत नाही. मालक म्हणतो, मला यातले कळत नाही. भाडेकरू म्हणतो, यंत्र मालकाचे. दुकानदार म्हणतो, आम्ही फक्त विकले. फिटर सापडत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेची समिती म्हणते, यंत्र सभासदाचे खाजगी. बाह्य भिंत मात्र संस्थेची! रंग देताना तिच्यावर सर्वांचा हक्क असतो, ओझे टांगताना ती कोणाचीच नसते.

या गुंत्यातून वाट काढता येते, हे आपल्याहून दाट वस्तीच्या दोन शहरांनी दाखवले आहे. हाँगकाँगमध्ये २०१० च्या अखेरीस किरकोळ बांधकामांच्या नियंत्रणाची पद्धत पूर्णपणे अमलात आली. तिच्या कक्षेत बाह्य भिंतीवरील वातानुकूलन यंत्राची लोखंडी चौकटही येते. ती नोंदणीकृत कंत्राटदाराकडूनच बसवून घ्यावी लागते आणि तसे कागद इमारत खात्याकडे जातात. त्याहून शहाणपणाची तरतूद जुन्या चौकटींबाबत आहे. परवानगीविना आधीच टांगलेल्या चौकटी सरसकट तोडण्याऐवजी, नोंदणीकृत व्यक्तीने त्या तपासाव्यात, गरज पडल्यास मजबूत कराव्यात आणि तसे प्रमाणित करावे, म्हणजे त्या राहू दिल्या जातात. सिंगापूरने बाहेरचे युनिट प्रशिक्षित व्यक्तीनेच बसवावे आणि त्याचा आधार न गंजणाऱ्या धातूचा असावा, असा दंडक घातला. दोन्हीकडे सरकारने यंत्राकडे विकत घेतलेली वस्तू म्हणून न पाहता इमारतीला जोडलेला भाग म्हणून पाहिले. सारा फरक या एका दृष्टीत आहे.

आपल्याकडे असे काही सुचवले की 'आणखी एक परवाना, आणखी एक निरीक्षक, आणखी एक पाकीट' अशी शंका निघते, आणि महापालिकेची पायरी चढलेल्या माणसाला ती खोटी म्हणता येणार नाही. प्रत्येक यंत्रासाठी पालिकेची परवानगी मागणे हा त्या रोगापेक्षा वाईट उपचार होईल. परवान्याची गरजच नाही. गरज आहे ती जबाबदार माणसाच्या सहीची. यंत्राच्या विक्रीबरोबर बसवणाऱ्याचे नाव, त्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक, भिंतीचा प्रकार आणि बोल्टचा प्रकार लिहिलेला एक कागद ग्राहकाला व त्याची प्रत संस्थेला देणे कंपन्यांवर बंधनकारक करता येईल. कंपनीने हमी यंत्राची द्यायची आणि ते ज्यावर टांगले त्याची नाही, हा अर्धवट व्यवहार तिच्याही नावाला शोभत नाही.

जुन्या यंत्रांसाठी तर नवी यंत्रणाही नको. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींची तीन वर्षांतून एकदा संरचना तपासणी सांगितलेली आहे. अभियंता त्यासाठी येतोच. खांब, तुळया, गच्ची, गळती पाहतो. त्याच्या यादीत प्रत्येक बाह्य ब्रॅकेट आणि यंत्र ठेवलेला प्रत्येक छज्जा घालावा, एवढा ठराव संस्थेच्या सर्वसाधारण सभेत पाच मिनिटांत होऊ शकतो. जेथे वाहनतळाच्या जागेवरून दोन तास वाद चालतो, तेथे ही पाच मिनिटे अवघड नसावीत. ज्यांचे ब्रॅकेट गंजले आहे त्यांनी ते एका मुदतीत बदलावे आणि न बदलल्यास संस्थेने बदलून खर्च देखभाल शुल्कात लावावा.

सरकारने दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी स्वतःच्या भिंतींकडे पाहायलाही हरकत नाही. जिल्हा कचेऱ्या, न्यायालये, शासकीय रुग्णालये यांच्या दर्शनी भागावर, नेमक्या प्रवेशद्वाराच्या वर, यंत्रांच्या रांगा लटकताना दिसतात आणि त्यांच्याखाली दाखल्यांसाठी नागरिक रांगेत उभे असतात. या इमारती सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ताब्यात आहेत, अभियंते पगारी आहेत आणि पावसाळ्यापूर्वीची डागडुजी दरवर्षी होते. येत्या मे महिन्यातील डागडुजीच्या अंदाजपत्रकात ब्रॅकेट तपासणीची एक ओळ वाढवण्यासाठी विधिमंडळात विधेयक आणावे लागत नाही. खात्याचे एक परिपत्रक पुरते.