धीराचे गोडवे कोणासाठी?

2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्याच दिवसापासून प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांच्या धीराची आरती सुरू झाली. मुजुमदारांचे कर्तृत्व वादातीत आहे. आमचा वाद आरती करणाऱ्यांशी आहे.

1988 साली शालेय सामन्यात तेंडुलकर-कांबळी 664 धावांची अभंग भागी रचत असताना पॅड बांधून ताटकळलेला मुलगा म्हणजे मुजुमदार, ही कथा सर्वांना पाठ आहे. पुढचा भाग मात्र साखरेत घोळून सांगितला जातो. रणजी पदार्पणातच 260 धावा, प्रथम श्रेणीत एकूण अकरा हजारांवर धावा, 30 शतके, 2006-07 मध्ये कर्णधार म्हणून मुंबईला विजेतेपद, आणि तरीही भारताकडून एकही सामना नाही! मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते, हे मान्य. परंतु डावललेल्या खेळाडूला कारण देण्यास निवड समिती बांधलेली नसते, हेही तितकेच खरे. 2019 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे फलंदाजी प्रशिक्षक, 2021 पासून मुंबईचे प्रशिक्षक, ऑक्टोबर 2023 पासून महिला संघाचे. ही वाट त्यांनी श्रमाने काढली. ‘नशिबाने भरपाई केली’ म्हणणे म्हणजे निवडणाऱ्यांना दोषमुक्त करणे होय.

या कथेचा उपयोग आमच्या भागात कसा होतो तो पाहा. राजगुरुनगरहून पहाटे चाकणला जाणारा कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे त्याच यंत्रावर उभा असतो; बदलते ते फक्त कंत्राटदाराचे नाव. त्याने कायम होण्याचा विषय काढला की ‘धीर धर, मुजुमदारांकडे बघ’ असा उपदेश तयार! बाविसाव्या वर्षी फासावर गेलेल्या राजगुरूंच्या गावात धीराचे हे प्रवचन चालावे, हा विनोदच.

आणि ज्यांनी चषक जिंकला त्या मुलींचे काय? महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1973 मध्ये आपल्या पुण्यातच झाली; नियामक मंडळाने महिला क्रिकेट आपल्या छत्राखाली घेतले ते 2006 साली. ऑक्टोबर 2022 मध्ये ‘समान मानधना’ची घोषणा झाली, टाळ्याही पडल्या. पण ती समानता सामन्याच्या शुल्कापुरती. कसोटी शुल्क समान असून उपयोग काय, महिलांच्या वाट्याला कसोट्याच मोजक्या येतात! 2024-25 च्या वार्षिक करारांत पुरुषांची सर्वोच्च श्रेणी 7 कोटींची होती, महिलांची 50 लाखांची. पुरुषांच्या सामन्यांतून उत्पन्न अधिक येते, असे उत्तर मिळेल. तेहतीस वर्षे ज्या खेळाकडे पाठ फिरवली, त्याच्याकडेच आता गल्ल्याचा हिशेब मागायचा, हा कुठला न्याय?

धीर धरण्यास कोणी सांगू नये. त्या चौदा पटींचे कारण मंडळाने आधी लेखी द्यावे.