काळविटाला अभयारण्य आहे, बेडकाला कोण?



आमचं रान कर्जत तालुक्यात, रेहेकुरीच्या बाजूला. उडीद दोन-चार पानांवर आला की पहाटं काळविटांचा कळप आत शिरतो अन् शेंडे खातो. राग येतो, पण अर्ज केला तर पंचनामा होतो, भरपाईची सोय आहे. बेडकाचं तसं काही नाही. तो नुकसान करत नाही, उलट रात्रभर किडे खातो, म्हणूनच त्याच्याकडं कोणाचं लक्ष नाही.

काळवीट सस्तन प्राणी. आपण हरीण म्हणतो, पण चितळासारखी त्याची शिंगं गळत नाहीत. तो गाई-शेळ्यांच्या कुळातला. त्याला गवताचं मोकळं माळरान लागतं. पहिल्या पावसात ओरडणारा मोठा पिवळा बेडूक उभयचर. लहानपणी पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेतो, पुढं फुफ्फुसानं अन् ओल्या कातडीनं. ती कातडी पाणी शोषते, तसं फवारणीचं विषही शोषते. त्याला साचलेलं पाणी अन् लपायला मऊ माती, दोन्ही लागतं.

१९७२ च्या कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. रेहेकुरीला १९८० साली अभयारण्य झालं, अवघं २.१७ चौरस किलोमीटर, पण त्यानं कळप टिकले. बेडकांचे पाय पूर्वी परदेशात जायचे, ती निर्यात १९८७ साली बंद झाली. आज आययूसीएनच्या जागतिक यादीत दोघंही ‘कमी चिंतेचे’ आहेत. पण ती यादी सगळ्या मुलखाची, माझ्या बांधाची नाही.

माझी चूक सांगतो. मागं एकदा फवारणीचा पंप ओढ्याच्या डबक्यात धुतला. दुसऱ्या दिवशी बेडकाची पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. ना पंचनामा, ना कोणी विचारायला आलं. तेव्हापासून पंप पाण्यापासून लांब धुतो.

माझं मत सरळ आहे. काळविटाची राखण सरकार करील, बेडकाची आपल्यालाच करावी लागंल. मृगात साचलेल्या डबक्याच्या कडेला फवारू नका. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर पाय घसरतो, आत पडलेला बेडूक वर येत नाही. काठाला जाड दोर बांधून किंवा गोणपाट टाकून पाण्यापर्यंत सोडा. खर्च काहीच नाही.

यंदा तुमच्या शिवारात पहिल्या पावसाला डराव डराव ऐकू आलं का? कान देऊन बघा.